अजायबरावांनी सांगितलेला शेवट

आमच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, स्टेशन आहे, कापसाची एक जिनिंग आहे, एवढं पुरे. या हकिगतीतले बरेच साहेब अजून नोकरीत आहेत आणि माझे वडील त्यांच्याच कचेरीत वकिली करतात.

अजायबरावांचं खरं नाव बळवंतराव. सरकारी अजायबखान्याचे ते मोहतमीम, म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख, झाले आणि गावानं त्यांचं नवं बारसं केलं. प्रमुख म्हणून त्यांच्या हाताखाली मात्र कुणी नव्हतं. झाडू तेच मारत, कुलूप तेच लावत आणि रजा हवी असली तर स्वतःकडंच अर्ज करत. एकदा तो अर्ज त्यांनी नामंजूर केला होता, असं वडील सांगत.

त्याआधी ते मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, चित्रकला शिकवायचे. तेव्हाच्या तालुकदार साहेबांची, म्हणजे तहसीलदाराच्याही वरच्या साहेबांची, त्यांनी एक तसबीर काढली. तसबिरीतल्या मिशा साहेबांच्या मूळ मिशांपेक्षा बऱ्याच भरदार उतरल्या. साहेब खूश झाले. चारठाण्याच्या बाजूला शेतं नांगरताना निघालेल्या काही मूर्ती त्या वेळी कचेरीच्या व्हरांड्यात पडून होत्या आणि तारखेला आलेले लोक त्यांच्यावर पान थुंकत. साहेबांनी कापसाचं एक रिकामं गोदाम दिलं. मूर्ती आत गेल्या. जोडीला चार तैलचित्रं, दोन बिदरी हुक्के आणि साहेबांची ती तसबीर. अजायबखाना झाला. पुढं साहेबांची बदली झाली. मिशा राहिल्या.

सिकंदराबादची इंग्रजी शाळा संपवून मी घरी आले तेव्हा अजायबखाना आमच्या परसाच्या भिंतीपलीकडं होता आणि त्यात कुणीही जात नव्हतं. उन्हाळ्यात लोक सावलीला जात, हे खरं. मूर्तींच्या मध्ये धोतराची उशी करून झोपत. अजायबराव त्यांना उठवत नसत. उठल्यावर मात्र प्रत्येक मूर्तीपुढं उभं करून तिच्या पायाशी लावलेली चिठ्ठी वाचून दाखवत. चिठ्ठ्या सरकारी नियमाप्रमाणं उर्दूत होत्या आणि उर्दू वाचता येणारा माणूस तिथं झोपायला येत नसे.

चिठ्ठ्यांविषयी ते फार काटेकोर होते. त्यांच्या चिठ्ठीत तीनच गोष्टी असत: काय आहे, कशाचं आहे आणि काय तुटलं आहे. 'स्त्री. दगडी. डावा हात नाही.' 'बैल. दगडी. डोकं नाही.' त्या स्त्रीच्या उरलेल्या हातात आरसा होता आणि ती त्यात बघत होती. मला ती फार आवडायची. एखादा इंग्रज साहेब चुकून आलाच तर असावं म्हणून त्यांनी वडिलांकरवी माझ्याकडून इंग्रजी चिठ्ठ्या लिहून घेतल्या. तेव्हा मी हळूच म्हटलं, "काका, ती आरशात बघते आहे, हे लिहू का?"

"ताई, दगडाला दिसतं का?" ते म्हणाले.

"नाही."

"मग बघते आहे असं कसं लिहावं? आरसा आहे, एवढं लिहा. जे दिसंल ते लिहायचं. आपल्या मनातलं लिहायला लागलो तर अजायबखाना आणि कीर्तन यात फरक काय राहिला?"

मी 'आरसा आहे' असं लिहिलं. एकदा लावलेली चिठ्ठी ते कधी बदलत नसत.

नवे तालुकदार साहेब आले ते विलायतेत शिकलेले, गुळगुळीत दाढी केलेले, टेनिस खेळणारे. त्यांना गावात क्लब हवा होता आणि क्लबाला लागते तेवढी लांब-रुंद जागा गावात एकच होती, हे गोदाम. त्यांनी अजायबखान्याला भेट दिली. मूर्तींकडं पाहिलं नाही, पावलं टाकून लांबी मोजली. जाताना विचारलं, "लोग आते हैं यहाँ?"

अजायबरावांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "आते हैं हुजूर. सोते हैं."

साहेब हसले. म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू. लोकांच्या उपयोगाची जागा असेल तर राहील, नाही तर मूर्ती कोंडवाड्यात हलवू. तिथल्या पत्र्याच्या छपरीत जागा आहे. कोंडवाडा म्हणजे लोकांच्या पिकात शिरलेली जनावरं धरून कोंडायची सरकारी जागा. अजायबराव त्या दिवशी आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि आईनं दिलेला चहा निवेपर्यंत त्यांनी हातात धरून ठेवला.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "म्हशी अंग घासतील हो तिला."

कुणाला, ते कुणी विचारलं नाही.

खेळाची युक्ती त्यांना रहीमभाईंनी दिली. रहीमभाई मनमाडकडून रेल्वेनं फिरत येत. त्यांच्याकडं हातानं फिरवायचं यंत्र, कार्बाइडचा दिवा, एक पांढरी चादर आणि एकच चित्रपट होता. पुण्या-मुंबईकडं चित्रपट बोलायला लागून वर्षं झाली होती; रहीमभाईंचा अजून मुकाच होता. त्यांना छप्पर हवं होतं, अजायबरावांना माणसं. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी खेळ करायचा असं ठरलं. अजायबखान्यात दिवा लावायची मनाई होती, म्हणून सूर्य मावळला की कुलूप. यंत्रातला दिवा हा दिवा आहे की यंत्र आहे यावर अजायबरावांनी दोन दिवस विचार केला आणि ते यंत्र आहे असं स्वतःच ठरवून दिलं. खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या. अट एकच: खेळ बघण्याआधी सगळ्या मूर्ती बघायच्या.

पहिल्याच शुक्रवारी अर्धं गाव आलं. लोकांनी अट नीट पाळली. पायताणं बाहेर काढली, मूर्तींना प्रदक्षिणा घातली, कुंकू लावलं, बिनडोक्याच्या बैलापुढं खडीसाखर ठेवली. एका म्हातारीनं मिशांच्या तसबिरीला हार घातला. तो कोणता देव, ते तिनं विचारलं नाही. अजायबराव ओला फडका घेऊन रांगेच्या मागोमाग कुंकू पुसत निघाले आणि त्यांच्या मागून येणाऱ्या बायका पुन्हा लावत गेल्या.

चादर गोदामाच्या मधोमध टांगली होती. पुढं पुरुष, मागं मूर्तींमध्ये आम्ही बायका. आमच्याकडून चित्र उलटं दिसायचं. मजकुराच्या पाट्याही उलट्या. त्या इंग्रजीत होत्या. अजायबरावांनी मला विनंती केली आणि आईनं कोपरानं ढोसलं, म्हणून मी त्या उलट्या पाट्या वाचून मराठीत सांगू लागले, चार बायकांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात. त्या पुढच्यांना सांगत.

माझ्याशेजारी नेहमी केसरबाई बसे. ती जिनिंगमध्ये कापूस निवडायची आणि बसल्याबसल्या पाठ बैलाला टेकायची.

"केसरबाई, बैलाला टेकू नका," अजायबराव.

"ओ मास्तर, डोकंच न्हाई त्याला. त्याला काय कळायलंय?"

पडद्यावर एक कुटुंब जेवायला बसलं. आम्हाला सगळे डाव्या हातानं जेवताना दिसले. केसरबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बाई, समदे डाव्या हातानं खायलेत! लय घाण लोक हायत ही." पुरुषांच्या बाजूला ते उजव्या हातानं जेवत आहेत, हे आईनं तिला सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "गड्यांपुढं नीट वागत्यात. खरं काय ते इकून दिसतंय."

गोष्ट साधी होती. एका कुंभाराचं घर, त्याची मुलगी आणि एक सुभेदार. सुभेदाराला घोडे बांधायला कुंभाराचं घर हवं असतं. तो ते घेतो. मुलगी बाहेर पडते. एवढं होईपर्यंत सूर्य मावळला.

याचं कारण आमचे साहेब लोक. खेळ सुरू व्हायचा आणि पंधरा मिनिटांत कचेरीतले पेशकार साहेब यायचे. साहेबांनी मधूनच बघावं हे बरं दिसत नाही, म्हणून अजायबराव उभे राहून रहीमभाईंना म्हणत, "मुकर्रर!" आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. कुंभार पुन्हा चाक फिरवायला बसे. मग तहसीलदार साहेब. मुकर्रर. मग पोलीस खात्याचे साहेब. मुकर्रर. मोठ्या साहेबानं लहान साहेबाच्या आधी येणं कमीपणाचं, म्हणून पुढं पुढं तहसीलदारांचा चपराशी कोपऱ्यावर उभा राहून पेशकार आत गेले का ते बघू लागला आणि पोलीस साहेबांचा शिपाई त्या चपराशावर नजर ठेवू लागला. गावाला पहिली तीन रिळं तोंडपाठ झाली. शेवट कुणीच पाहिला नाही.

रहीमभाईंची याला काही तक्रार नव्हती. मुकर्रर म्हटलं की ते खुशीनं रीळ उलटं गुंडाळायला घेत. अजायबरावांनी त्यांना एकदा विचारलं, "रहीमभाई, शेवटी होतं काय?"

"हँडल घुमानेवाला पर्दा देखता है क्या, साब?" रहीमभाई म्हणाले.

पहिल्या शुक्रवारी कुलूप लावताना केसरबाईनं अजायबरावांना दारात अडवलं. "मास्तर, त्या पोरीचं काय झालं?"

"माहीत नाही, बाई. दिसलं नाही."

"दिसलं न्हाई म्हंजी? बोलवून आणलं तुमी, अन् पोर रस्त्यावर सोडून कुलूप लावायलाव? झोप यायची का आमाला?"

बाकीच्या बायकाही थांबल्या. अजायबराव किल्ली हातात घेऊन उभे राहिले. त्या आठवड्यात ते आमच्याकडं दोनदा आले. दोन्ही वेळा सुभेदाराचा विषय काढला. अशा माणसाचं पुढं काय होतं, असं वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, कुंभार अपील करील. ते त्यांना पटलं नाही.

दुसऱ्या शुक्रवारी खेळ पुन्हा त्याच जागी थांबला. अजायबराव चादरीच्या मागं आले आणि आरशाच्या बाईशेजारी उभे राहिले. घसा साफ करून म्हणाले, "सुभेदार विहिरीत पडला."

"कसा?" तीनचार बायका एकदम.

"घर त्याचं नव्हतं. परसात विहीर कुठं आहे, त्याला ठाऊक नव्हतं. घोड्यांना पाणी आहे का बघायला अंधारात गेला."

"अन् पोरगी?"

"तिनं आवाज ऐकला. दोर घेऊन आली. म्हणाली, घर सोडतो म्हण, मग दोर सोडते."

केसरबाईनं मांडीवर थाप मारली. "बरं केलं! म्हणला का मग?"

"म्हणला."

बायका सुखानं घरी गेल्या. मी भिंतीशी थांबले होते. अजायबरावांनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर वळवली. "कीर्तन झालं ताई," ते म्हणाले. पुढच्या प्रत्येक शुक्रवारी त्यांनी हाच शेवट सांगितला, शब्दही न बदलता. एकदा दोर आधी आला आणि आवाज नंतर, तर बायकांनी त्यांना थांबवून दुरुस्त केलं.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी तालुकदार साहेब स्वतः येणार असल्याचा निरोप आला. अजायबरावांनी चुन्यानं भिंत पांढरी केली, बैलाची खडीसाखर काढली, स्वतःची शेरवानी उन्हात घातली. साहेब खूश झाले तर जागा राहणार होती. गावात ज्याला त्याला ते माहीत होतं.

आणि साहेब वेळेवर आले. विलायतेची सवय. त्यांच्या आधी येऊन बसायला हवं होतं ते पेशकार, तहसीलदार आणि पोलीस साहेब तिघेही अजून एकमेकांवर नजर ठेवून कोपऱ्यावर होते. तालुकदार साहेबांच्या मागून आत शिरायची कुणाची छाती होईना. तिघेही सबंध दुपार बाहेर निंबाखाली उभे राहिले. त्यामुळं आत कुणी आलं नाही, मुकर्रर झालं नाही आणि आमच्या गावात पहिल्यांदाच चित्रपट पुढं सरकला.

चौथं रीळ लागलं तेव्हा बायका गुडघ्यावर उठून बसल्या. मुलगी रानात फिरली. कुंभार आजारी पडला. सुभेदार घरात शिरला, घोडे बांधले गेले. मी पाट्या वाचत होते आणि पहिल्यांदाच माझा आवाज मलाच ऐकू येत होता. सुभेदार हातात कंदील घेऊन परसाच्या दाराशी आला. केसरबाईनं माझा दंड पकडला. "चालला बघ हिरीकडं!"

आणि चादर पांढरी झाली.

यंत्र फिरत होतं. रहीमभाई अजून हँडल घुमवत होते, बहुतेक भीतीनं. अजायबराव त्यांच्याकडं गेले. पुढचं कुजबुजणं आम्हाला चादरीपलीकडून सगळं ऐकू आलं. शेवटचं रीळ नव्हतंच. ज्याच्याकडून त्यांनी चित्रपट घेतला त्याच्याकडंही नव्हतं. "आपके गाँव में कभी यहाँ तक पहुँचे ही नहीं, साब. सोचा, जरूरत नहीं पड़ेगी."

"क्यों भई मोहतमीम साहब," तालुकदार साहेबांचा आवाज आला, "फिर क्या हुआ?"

पांढऱ्या चादरीवर अजायबरावांची सावली आली. मागून बघणाऱ्या आम्हाला ती स्पष्ट दिसत होती: पगडी, शेरवानी, दोन्ही हात पोटाशी जुळवलेले.

"हुजूर," ते म्हणाले, "सुभेदार साहेबांना आपली चूक उमगली. त्यांनी घोडे सोडवले, कुंभाराला घर परत केलं, वर इनाम दिलं. सगळ्यांनी त्यांना दुवा दिला."

"बहुत खूब," साहेब म्हणाले. खुर्ची कुरकुरली. ते उठत असावेत. वडील पुढच्या रांगेत होते. त्या क्षणी त्यांना वाटलं होतं, जागा वाचली.

"ओ मास्तर!" केसरबाई उभी राहिली. "खोटं बोलायलाव तुमी! मागल्या शुक्करवारी तर हिरीत पाडला व्हता त्याला!"

आईनं तिचा पदर ओढला. ती बसेना. "इतके शुक्करवार हिरीत पडतोय, अन् आज सायेब आले तर चूक उमगली व्हय? मग आमी काय ऐकत व्हतो?"

सावली हलली नाही. माझ्याजवळ आरशाची बाई होती आणि तिच्या पायाशी मी लिहिलेली चिठ्ठी. अजायबराव काय म्हणतील ते मला त्या क्षणी कळलं, आणि त्यांनी तसं म्हणू नये असं फार वाटलं.

"बाई बरोबर म्हणतात, हुजूर," अजायबराव म्हणाले. "सुभेदार विहिरीत पडला."

खुर्ची पुन्हा कुरकुरली.

"अच्छा," साहेब म्हणाले. "फिर उसे निकाला किसने?"

"पोरीनं, हुजूर. घर सोडतो म्हणल्यावर."

"इतनी देर? उसके सिपाही कहाँ थे?"

"विहिरीवरच होते, हुजूर. दोर सोडायचा हुकूम वरून यायचा होता."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी फुसकन हसलं. मग दुसरं. मग सगळं गोदाम हसू लागलं, चादरीच्या दोन्ही बाजूंनी. साहेबांसमोर साहेबांवर हसायची आमच्या गावाला सवय नव्हती, त्यामुळं एकदा सुरू झाल्यावर थांबायचं कुठं ते लोकांना कळेना. साहेबही हसले. त्यांनी अजायबरावांशी हात मिळवला, "बहुत मजा आया," म्हणाले आणि बाहेर पडले. निंबाखालच्या तिघांनी कमरेत वाकून सलाम केले.

हुकूम पुढच्या आठवड्यात आला. वडिलांनी तो आम्हाला वाचून दाखवला. त्यात अजायबरावांची तारीफ होती. अजायबखान्याविषयी रयतेची आवड इतकी वाढली आहे की सध्याची जागा तिला अपुरी पडते, तरी सर्व वस्तू अधिक मोकळ्या आणि वर्दळीच्या जागी, म्हणजे कोंडवाड्यात, हलवाव्यात. मोहतमीम त्याच पगारावर तिथं हजर राहतील.

"एका वाक्यानं घालवली जागा," वडील म्हणाले. हुकूम घडी करून ठेवला आणि पुन्हा म्हणाले, "पण काय वाक्य!"

मूर्ती बैलगाड्यांतून गेल्या. केसरबाई आणि जिनिंगमधल्या बायकांनी गाडीत सरकीची पोती अंथरली, आरशाच्या बाईच्या उरलेल्या हाताला धक्का लागू नये म्हणून. दगडी बैल कोंडलेल्या बैलांमध्ये उतरवला तेव्हा केसरबाई म्हणाली, "मास्तर, ह्याचं तरी बरं झालं. गणगोतात आला." अजायबराव हसले नाहीत. म्हशी कुठपर्यंत पोचतात ते बघून त्यांनी बाईभोवती काटेरी फांद्या लावून घेतल्या. क्लबात टेनिसच्या जाळ्या आल्या. जुन्या साहेबांची तसबीर तिथंच राहिली. रहीमभाई पुन्हा आमच्या स्टेशनला उतरले नाहीत.

मी अजायबरावांना शेवटचं पाहिलं ते पुढच्या उन्हाळ्यात. शिक्षिकेचं काम मिळालं म्हणून मी वडिलांबरोबर टांग्यानं स्टेशनवर निघाले होते. कोंडवाड्यापाशी रस्त्यात गुरं आडवी आली आणि टांगा थांबला. आत वालूरकडचा एक शेतकरी आपला बैल सोडवायला आला होता. बैल सुटला होता, कासरा त्याच्या हातात होता, आता त्यानं जायला हवं होतं. पण तो आरशाच्या बाईपुढं थांबला होता. फांद्यांच्या वरून मान पुढं करून बघत होता. बैल घराच्या ओढीनं कासऱ्याला हिसके देत होता आणि प्रत्येक हिसक्याला त्या माणसाचं बघणं मोडत होतं.

अजायबराव छपरीच्या खांबाशी होते. चिठ्ठी वाचून दाखवतील असं मला वाटलं. ते पुढं आलेही. पण काही न बोलता त्यांनी त्या माणसाच्या हातातला कासरा काढून घेतला, बैलाला थोडं बाजूला नेलं आणि त्याच्या मानेवर हात ठेवून त्याला उगी करत उभे राहिले.

टांगा निघाला तेव्हा तो माणूस अजून बघत होता.